घरी बांधलेले विमान आणि त्याची वही



आपल्या बडोद्याचे नाव आता विमानांच्या कारखान्याशी जोडले गेले आहे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा आणि एअरबस यांच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या जुळणी प्रकल्पाचे उद्घाटन आपल्या शहरात झाले. हवाई दलासाठी घ्यावयाच्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनमध्ये तयार व्हायची आणि ४० येथे बडोद्यात जुळवायची, असे ठरले. तेव्हापासून विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न वारंवार येतो : "विमान घरी बनवता येते का?"

उत्तर सरळ आहे. होय, येते. जगात हजारो हौशी लोकांनी आपल्या घरात, गॅरेजमध्ये, शेतावरच्या शेडमध्ये विमाने बांधली आहेत आणि उडवली आहेत. एका शाळेनेही बांधले आहे. मात्र असे विमान बांधायला काय लागते, याविषयी आपल्या मनात जे चित्र असते ते बरेचदा चुकीचे असते. आपल्याला वाटते की धाडस लागते, पैसा लागतो, इंजिन लागते. ते तर लागतेच. त्याशिवाय आणखी एक स्वस्त वस्तू लागते, ती म्हणजे वही. ही वही कशासाठी, हे आजच्या पाठात पाहू.

शाळेत बांधलेले विमान

अमेरिकेत १९५३ साली हौशी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना स्थापन झाली. तिचे नाव एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, थोडक्यात ईएए. सामान्य माणसाला साध्या हत्यारांनी बांधता येईल असे एक लहान विमान असावे, असे या संघटनेला वाटले. म्हणून तिने एका जुन्या नमुन्यात सुधारणा करून एका माणसाच्या विमानाचे नवे नकाशे काढवून घेतले. या विमानाला एकावर एक असे दोन पंख होते. अशा विमानाला बायप्लेन म्हणतात. आपण त्याला दुपंखी विमान म्हणू.

नकाशे बरोबर आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी पहिले विमान कोणीतरी बांधायला हवे होते. ते काम शिकागो शहरातील सेंट रीटा हायस्कूलमध्ये झाले. तेथील हस्तव्यवसायाचे शिक्षक रॉबर्ट ब्लॅकर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे विमान बांधले. १० जून १९६० रोजी ते पहिल्यांदा उडाले. त्यानंतर त्याचे नकाशे विक्रीस ठेवण्यात आले आणि १९७२ पर्यंत ७,००० हून अधिक संच विकले गेले.

विमान किती मोठे होते? पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर. नाकापासून शेपटीपर्यंत १७ फूट. बाके बाहेर काढली तर आपल्या एखाद्या मोठ्या वर्गात ते उभे राहील. सांगाडा पोलादी नळ्यांचा, वेल्डिंग करून जोडलेला. पंख लाकडाचे आणि त्यांच्यावर कापड ताणलेले. इंजिन मात्र मुलांनी बनवले नव्हते. ते विमानासाठीच तयार केलेले, ८५ अश्वशक्तीचे होते.

कापडाचे पंख ऐकून हसू नका. उत्तरायणाला आपण सगळेच कागदाचा पंख आकाशात चढवतो. पतंगाच्या दोन काड्या ताकद देतात आणि कागद वारा धरतो. विमानातही तसेच आहे. लाकडी चौकट ताकद देते आणि कापड हवा धरते.

दोन पंख कशासाठी?

आजची बहुतेक विमाने एकाच पंखजोडीची असतात. मग या हौशी लोकांनी दोन मजली पंख का निवडले?

भरूचचा नर्मदेवरचा जुना गोल्डन ब्रिज तुम्ही पाहिला असेल. तो १८८१ सालचा. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या तिरक्या जोडलेल्या दिसतात. वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि मध्ये तिरके दुवे, अशा रचनेत कमी लोखंडात जास्त ताकद मिळते. दुपंखी विमान म्हणजे असाच एक हलका पूल होय. वरचा पंख ही वरची पट्टी, खालचा पंख ही खालची पट्टी, दोहोंच्या मध्ये उभे टेकू आणि तिरक्या तारा. ही तुलना मी केलेली नाही. ऑक्टेव्ह शनूट नावाचे एक अनुभवी पूल-अभियंता होते. त्यांनी १८९६ मध्ये पुलाचीच ही रचना आपल्या दुपंखी ग्लायडरमध्ये वापरली, आणि पुढे राइट बंधूंनीही तीच घेतली.

तारांचे काम समजून घेण्यासारखे आहे. तार फक्त ओढ सहन करते. तिला दाबले तर ती वाकते. म्हणून तारा फुलीसारख्या, दोन्ही दिशांनी लावतात. विमान उडत असताना हवा पंखांना वर उचलते. तेव्हा खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या भागाकडे जाणारी तार ताणली जाते. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा पंखांचे वजन खाली ओढते आणि दुसरी तार काम करते. एक विसावते तेव्हा दुसरी राबते.

दुसरा फायदा जागेचा. तेवढेच क्षेत्रफळ त्याच रुंदीच्या एका पंखात घ्यायचे तर पंख जवळजवळ दुप्पट लांब करावा लागेल. तो गॅरेजमध्ये मावणार नाही, आणि लांब पंख मुळाशी मोडू नये म्हणून जाड व जड करावा लागेल.

तोटाही आहे. टेकू आणि तारा हवेत अडथळा करतात, आणि दोन पंख एकमेकांच्या हवेत ढवळाढवळ करतात. त्यामुळे वेग कमी पडतो आणि इंधन जास्त लागते. १९३० च्या दशकात अॅल्युमिनियमचे मजबूत पंख करता येऊ लागले, तसतशी दुपंखी विमाने प्रवासी वाहतुकीतून आणि लढाईतून मागे पडली. शिक्षणासाठी मात्र ती बराच काळ टिकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या देशातील कितीतरी वैमानिक टायगर मॉथ नावाच्या दुपंखी विमानावरच उडायला शिकले. हौशी माणसाला मुंबई-दिल्ली गाठायची नसते. त्याला लहान, हलके, मजबूत आणि हळू उतरणारे विमान हवे असते, म्हणून त्याच्यासाठी ही जुनी रचना आजही उपयोगी आहे.

कृती : पुठ्ठ्याचा पंख

साहित्य : ३० सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद अशा पातळ पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, खराट्याच्या काड्या, शिवणकामाचा दोरा, चिकटपट्टी, बुटाचे रिकामे खोके, एक रुपयाची नाणी, फूटपट्टी.

१. एक पट्टी खोक्याच्या बाजूला आडवी चिकटवा. बाहेरच्या टोकाला एकेक नाणे ठेवत जा आणि टोक किती खाली वाकते ते मोजा.

२. आता दोन पट्ट्या ६ सेंटिमीटर अंतराने एकावर एक चिकटवा. बाहेरच्या टोकाशी दोन काड्या उभ्या लावा. पुन्हा नाणी ठेवा आणि मोजा.

३. खोक्यापासून टोकापर्यंत दोऱ्याच्या फुल्या ताणून बांधा. तिसऱ्यांदा मोजा.

प्रत्येक वेळी मोजण्याआधी आपला अंदाज वहीत लिहा. मग माप लिहा. त्यानंतर शेजारच्या मित्राला किंवा मैत्रिणीला तेच माप पुन्हा घ्यायला सांगा आणि तिची सही घ्या. दोघांची मापे जुळली नाहीत तर खोडू नका, दोन्ही लिहा आणि फरक का पडला ते शोधा. दोऱ्याने किती फरक पडतो हे मी येथे सांगत नाही. ते तुमच्या वहीतून मला कळले पाहिजे.

थोडे गणित

ईएएच्या त्या विमानाचे भरलेले वजन १,१५० पौंड, म्हणजे सुमारे ५२२ किलो होते. दोन्ही पंखांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १० चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५२ किलोचा भार. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी सतरंजी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर बारावीचा एखादा सडपातळ विद्यार्थी बसला आहे आणि हवेने त्याला सतरंजीसकट उचलून धरायचे आहे, असे समजा.

हवा हे काम वेगामुळे करते. पंखावर मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर उचल चौपट, वेग निम्मा केला तर उचल एक-चतुर्थांश. वेग कमी झाला की वैमानिक विमानाचे नाक थोडे वर करून उचल भरून काढतो. पण त्यालाही मर्यादा आहे. एका ठरावीक कोनापलीकडे हवा पंखाच्या पाठीला धरून वाहत नाही, सुटून जाते आणि उचल एकदम ढासळते. याला स्टॉल म्हणतात. या विमानाचा स्टॉलचा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर होता. अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेस वेवर मोटारी याहून वेगाने जातात. रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरला आपण निर्धास्त असतो, पण या विमानाला तेवढ्या वेगात सरळ उडत राहणे जमणार नाही.

दुसरा हिशेब तोलाचा. कमाटीबागेतल्या सी-सॉवर ३० किलोचा मुलगा मध्यापासून २ मीटरवर बसला, तर २० किलोच्या मुलीने ३ मीटरवर बसले पाहिजे, तरच फळी आडवी राहते. विमानाचेही तसेच आहे. इंजिन पुढे, शेपटी मागे, वैमानिक मध्ये. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन घेतात आणि गुरुत्वमध्य कोठे येतो ते काढतात. तो ठरलेल्या जागेपेक्षा मागे गेला तर विमान नाक वर करू पाहते आणि वैमानिकाला ते आवरत नाही. शेपटीत ठेवलेली एक जड पिशवीही पुरते. म्हणून जो भाग विमानात बसवायचा, त्याचे वजन आधी वहीत लिहितात.

नकाशापासून उड्डाणापर्यंत

विमान बांधणारा माणूस सुरुवातीला पंखाच्या फासळ्या करतो. एका फळीवर फासळीचा आकार काढून तिच्यावर ठोकळे ठोकतात, हा झाला साचा. त्या साच्यात लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवून गोंदाने चिकटवतात. सगळ्या फासळ्या एकाच साच्यातून निघाल्या तरच सारख्या होतात. जाणता कारागीर प्रत्येक खेपेला त्याच गोंदाचा एक वेगळा तुकडा चिकटवून ठेवतो आणि तो दुसऱ्या दिवशी मोडून पाहतो. लाकूड तुटले आणि सांधा टिकला तर गोंद चांगला. सांधाच सुटला तर त्या दिवसाचे सगळे काम बाद.

मग सांगाड्याचे वेल्डिंग होते, तारा आणि सुकाणूच्या दोऱ्या बसवल्या जातात. यानंतर एक फार महत्त्वाची पायरी येते. कापड चढवण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराला बोलावून सगळा सांगाडा दाखवायचा. एकदा कापड चढले की आतला सांधा दिसत नाही. बांधणाऱ्याच्या डोळ्यांना आपले काम वर्षभर पाहून सवय झालेली असते, त्यामुळे चूक समोर असून दिसत नाही. नव्या डोळ्यांना ती दिसते.

एक साधी तपासणी सांगते. वैमानिकाने दांडा डावीकडे झुकवला तर डाव्या पंखामागची झडप वर गेली पाहिजे आणि उजवीकडची खाली. दोऱ्या उलट जोडल्या गेल्या तर झडपा हलतात, सगळे ठीक वाटते, पण दिशा उलटी असते. जमिनीवर ही चूक एका मिनिटात सापडते. हवेत ती सापडली तर वेळ उरत नाही.

अमेरिकेत हौशी विमानासाठी नियम असा आहे की निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्यांनी स्वतः शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेले असावे. काम केल्याचा पुरावा म्हणून बांधणीची वही आणि छायाचित्रे ठेवावी लागतात. त्यानंतर सरकारी तपासणी. मग ठरवून दिलेल्या क्षेत्रात, वस्तीपासून दूर, साधारण २५ ते ४० तासांची चाचणी-उड्डाणे. त्या काळात प्रवासी नेता येत नाहीत. एवढे करूनही धोका संपत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसले की घरी बांधलेल्या विमानांचे अपघात इतर लहान विमानांपेक्षा जास्त होतात, आणि त्यांतले बरेच विमानाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत होतात.

आपल्या माणसांची उदाहरणे

हे सगळे अमेरिकेतले झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आता आपल्याकडे वळू.

मुंबईचे कॅप्टन अमोल यादव हे व्यावसायिक वैमानिक. त्यांनी विमान बांधण्याचे दोन प्रयत्न केले, ते तडीस गेले नाहीत. तिसरे विमान त्यांनी कांदिवलीतील चारकोप येथे, आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधायला घेतले. सहा आसनांचे, एका इंजिनाचे, एकाच पंखजोडीचे विमान. एकत्र कुटुंब, खाली रोजचा संसार आणि वर गच्चीवर विमान! फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा हे विमान गच्चीवरून खाली उतरवून लोकांना दाखवले गेले. वर्तमानपत्रांनी या गोष्टीचे मोठे कौतुक केले.

पण मुलांनो, त्यांच्या कहाणीतला कमी सांगितला जाणारा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणीसाठी त्यांची धडपड २०११ पासून चालू होती. नोंदणीचे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाले. उडवण्याचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी-उड्डाणाचा पहिला टप्पा पार पडला. वर्षे मोजा. अर्जापासून उड्डाणापर्यंत ९ वर्षे. सरकारी कागदांना एवढा वेळ लागावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मोठ्यांनी सरकारला जरूर विचारावा. तरीही परवान्याविना रात्री कोठेतरी मैदानात विमान उडवून पाहण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही, हेही आपण पाहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात २४ वर्षांच्या एका तरुण कारागिराने स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. तो पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करीत असे. शाळा आठवीनंतर सुटली होती. दोन वर्षे खपून, पैसे जमवून त्याने ते यंत्र उभे केले होते. रात्री चाचणीच्या वेळी शेपटीचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पात्यावर आदळले आणि त्याच्या डोक्याला मार लागून तो गेला. यंत्र अजून आकाशात गेलेही नव्हते.

त्या मुलाच्या हातात कौशल्य नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. जिद्दही कमी नव्हती. गोल फिरणाऱ्या पात्यावर किती ओढ येते, याचा हिशेब तपासून देणारा आणि चाचणीच्या वेळी माणसाला यंत्रापासून दूर ठेवणारा कोणी जाणकार त्याच्या शेजारी उभा असता, तर कदाचित आज तो आपल्यात असता. अशा मुलांच्या चित्रफिती आपण मोबाईलवर पाहतो, अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. शाबासकी देणारे हजार मिळतात. "थांब, हा सांधा मला पाहू दे," असे म्हणणारा एक मिळत नाही.

तिसरे उदाहरण जुने, आणि आपल्या बडोद्यात आवडीने सांगितले जाणारे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले आणि ते पाहायला श्रीमंत सयाजीराव महाराज हजर होते, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती ऐकताना छाती फुगते. शिक्षक या नात्याने मात्र मला तुम्हांला हेही सांगितले पाहिजे की त्या उड्डाणाचा पडताळून पाहता येईल असा त्या काळचा वृत्तांत, नकाशा किंवा मोजमाप पुढे आलेले नाही. या गोष्टीशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये केला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असे त्यांना आढळले.

याने तळपदे यांच्या जिज्ञासेचा अपमान होत नाही. आपल्याजवळ त्यांची वही नाही, एवढेच. राइट बंधूंची आहे. त्यांनी १९०१ मध्ये हवेचा बोगदा करून पंखांचे सुमारे २०० आकार तपासले आणि आकडे लिहून ठेवले. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचे दुपंखी विमान पहिल्यांदा १२ सेकंद उडाले, १२० फूट गेले. पाच माणसे साक्षीला होती, छायाचित्र निघाले आणि ऑर्व्हिल यांनी त्याच दिवशी रोजनिशीत सगळे लिहिले. म्हणून आज कोणीही ते तपासू शकतो. ज्याची नोंद नाही, ते खरे असले तरी पुढच्या पिढीच्या हाती लागत नाही.

पालक आणि विश्वस्त यांना

बडोद्याला हाताने शिकण्याची परंपरा नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू झाले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्याला आकार दिला, आणि चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके तेथे शिकले. हातात करवत धरणे हे कमी दर्जाचे काम आहे, असे त्या संस्थेने कधी मानले नाही.

आपल्या घरातही एखादा मुलगा जुना पंखा उघडून बसतो, एखादी मुलगी सायकलच्या डायनामोला दिवा लावून पाहते. अशा वेळी आपल्याकडून दोन प्रकारची वागणूक होते. एक तर "आधी अभ्यास कर" म्हणून आपण ते बंद करतो, नाहीतर कौतुकाने छायाचित्र काढून नातेवाईकांना पाठवतो. दोन्हींत मूल एकटे राहते. बंद केले तर ते लपून करते आणि लपून केलेल्या कामाला तपासणारा नसतो. नुसते कौतुक केले तर त्याला तपासणीची गरजच वाटेनाशी होते. पालकांना माझी विनंती आहे की पाच मिनिटे शेजारी बसा आणि विचारा : "हे तू कोठे लिहून ठेवलेस? कोणाला दाखवलेस? मोडले तर काय होईल?" तुम्हांला विज्ञान येत नसले तरी चालेल. हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी की शाळेच्या हस्तव्यवसायाच्या खोलीत आठवड्यातून एक तास मुलांच्या स्वतःच्या प्रयोगांसाठी राखून ठेवावा. नवी यंत्रसामग्री आज नसली तरी हरकत नाही. आपल्या समाजात रेल्वेतून, रिफायनरीतून, खत कारखान्यातून निवृत्त झालेले कितीतरी तंत्रज्ञ आहेत. महिन्यातून एकदा जरी त्यांच्यापैकी कोणी येऊन मुलांच्या वह्या पाहिल्या आणि सही केली, तरी त्या सहीची किंमत फार आहे. आपल्या मुलांना विमान बांधायचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढे त्यांतले कोणी सी-२९५ च्या जुळणीवर असेल, कोणी दवाखान्यात औषध मोजत असेल, कोणी पुलाचा हिशेब करीत असेल. तेथे आपले काम दुसऱ्याला तपासू देण्याची सवय ज्याला शाळेत लागली, त्याच्यावर इतरांचे प्राण सोपवता येतील.

स्वाध्याय

१. एका विमानाचे भरलेले वजन ४५० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर आहे. प्रत्येक चौरस मीटरवर किती भार येतो?

२. पंखाचा कोन तोच ठेवून वेग ताशी ८० किलोमीटरवरून २४० किलोमीटर केला, तर उचल किती पट होईल?

३. सी-सॉवर ३६ किलोचा मुलगा मध्यापासून २ मीटरवर बसला आहे. २४ किलोच्या मुलीने किती अंतरावर बसावे?

४. दुपंखी विमानात तारा फुलीसारख्या का लावतात? उडताना कोणती तार ताणली जाते? आकृती काढा.

५. घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्यांना विचारा : तुमच्या कामात दुसऱ्याची तपासणी किंवा सही कोठे लागते, आणि ती न घेतल्यास काय होऊ शकते? उत्तर दहा ओळींत लिहा.

पुठ्ठ्याच्या पंखाची कृती ज्यांनी केली, त्यांनी आपली वही पुढच्या शनिवारी कार्यालयात आणून द्यावी. मापे चुकली असतील तरी चालेल, पण दोन सह्या असल्या पाहिजेत.